बाबागाडी, मुंबई आणि एप्रिलचा उकाडा

प्रश्न : ताई, माझी मुलगी अकरा महिन्यांची आहे. एप्रिलच्या शेवटी चार दिवस नणंदेकडे दादरला चाललोय. लग्नाला पाच वर्षं झाली पण मी मुंबई अशी नीट बघितलीच नाहीये, यावेळी बघायचीच आहे. सासूबाई म्हणतात एवढ्या उकाड्यात लेकराला कशाला हिंडवायचं, नवरा म्हणतो बाबागाडी घेऊ म्हणजे झालं. गाडी न्यायची का? आणि कुठे कुठे जमेल?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : जा, नक्की जा. सासूबाईंची काळजी खरी आहे, पण ती वेळा सांभाळून मिटते, घरी बसून राहायची गरज नाही. नवऱ्याला मात्र सांगा की गाडी घेतली म्हणजे झालं असं मुंबईत होत नाही.

आधी उकाड्याचं सांगते. नाशिकला पारा ४० ला गेला तरी सावलीत बसलं की बरं वाटतं कारण घाम वाळतो. दादरला पारा ३३-३४ च असतो आणि तरी जीव नकोसा होतो, हवेत इतका दमटपणा की घाम वाळतच नाही आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. बाळांना हे आपल्यापेक्षा लवकर बाधतं. त्यात गाडीतलं बाळ रस्त्याच्या जवळ बसलेलं असतं, तापलेल्या डांबराची धग आपल्या पोटऱ्यांना लागते ती तिच्या तोंडावर येते. समुद्रावरून वारा सुटतो तोच मुंबईला वाचवतो, तो उशिरा सुटला की त्या दिवशी पारा एकदम चढतो. त्यामुळे साडेअकरा झाले तरी पान हलत नसेल तर बाहेरचा बेत सोडा आणि पंख्याखाली बसा.

दिवस असा लावा. सकाळी सात ते साडेनऊ बाहेर, अकरा ते पाच छताखाली, सहानंतर परत बाहेर. आणि एका दिवसात एकच मोठं ठिकाण, दोन नकोत.

गाडी न्या, पण हलकी, एका हाताने मिटणारी. दादरला रिक्षा मिळणार नाही, रिक्षा माहीम-सायनच्या पुढे शहरात येत नाहीत, टॅक्सीच करावी लागते आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या डिकीत गॅसची टाकी असते, मोठी गाडी तिथे मावतच नाही. फूटपाथचं तर विचारू नका. पेव्हर ब्लॉक उखडलेले, मध्ये फेरीवाले, आणि बाइकवाले चढू नयेत म्हणून तोंडाशी खांब रोवलेले, त्यातून गाडी जात नाही, उचलावी लागते. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, गाडी पोचल्यावर उघडायची. वाटेत बाळ कडेवर किंवा कॅरियरमध्ये, गाडी मिटून नवऱ्याच्या खांद्यावर.

आता ठिकाणं. शिवाजी पार्क तुमच्या नणंदेच्या जवळच आहे, सकाळी सातला कट्ट्याच्या कडेने मोठ्या झाडांखाली गाडी ढकलत फिरा, पहिल्या दिवशी एवढंच पुरे. दुसऱ्या दिवशी भायखळ्याची राणीची बाग (बुधवारी बंद असते, लक्षात ठेवा). ही बाग १८६१ पासूनची आहे त्यामुळे झाडं जुनी, उंच, सावली दाट आणि आतले रस्ते पक्के, मला विचाराल तर गाडीसाठी मुंबईत याच्याइतकी चांगली जागा नाही. दार उघडल्या उघडल्या आत जा आणि आधी पेंग्विन बघा. ते थंड हवेचे पक्षी म्हणून त्यांचा कक्ष गारेगार असतो आणि उशीर केला की रांग वाढते, शनिवार-रविवार तर टाळाच. एक मात्र करा, कक्षात शिरायच्या आधी तिचं घामाचं झबलं बदला, ओल्या अंगाने एकदम गारठ्यात नको. शेजारीच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं, तुम्हाला मुंबई बघायचीय ना, मग जुनी मुंबई तिथल्या नकाशांत आणि मातीच्या छोट्या छोट्या पुतळ्यांत बघायला मिळेल.

तिसऱ्या दिवशी मेट्रो. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरात पूर्ण सुरू झाली आणि लेकुरवाळ्यांसाठी खरंच मोठी सोय झाली, लिफ्ट आहे, एसी आहे, लोकलसारखी ढकलाढकल नाही. लिफ्ट प्रत्येक दाराशी नसते, कुठल्या दाराशी आहे ते आधी विचारा. दादरहून हुतात्मा चौकाला उतरलात की काळाघोडा आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय चालत जवळ आहे, दुपार तिथे काढा. संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. फूटपाथ रुंद, सपाट, गाडी मस्त पळते, पण तोंड पश्चिमेला असल्यामुळे साडेपाचला गेलात तर ऊन थेट बाळाच्या डोळ्यांवर येतं आणि कठडाही तापलेला असतो. साडेसहाला जा, सूर्य बुडताना बघा आणि वारा खात बसा. चौथ्या दिवशी काहीच ठरवू नका, ती दमलेली असेल.

अंगावरचं दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजा, मधून मधून उकळून गार केलेलं पाणी चमच्याने द्या. बाहेरचा बर्फ, उसाचा रस नको. घामोळ्यावर पावडर थापू नका, ओल्या कपड्याने पुसा आणि सैल सुती घाला. सहा तास शू झाली नाही, टाळू खोल वाटली किंवा ती मलूल पडून राहिली तर फिरणं तिथेच थांबवून थेट डॉक्टरकडे.

प्रश्न : माझा मुलगा पाच महिन्यांचा. बाहेर गाडीत झोपला की ऊन लागू नये म्हणून मी वरून ओढणी टाकते. चालेल ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नका टाकू. मीही हेच करायचे. माझा लेक एवढाच असताना गेटवेला पातळ मलमल टाकून त्याला अर्धा तास झोपवला होता, पातळच तर आहे असं वाटलं, आणि कापड उचललं तर पोर लालबुंद, मानेखाली घामाचं तळं. ती भीती अजून गेलेली नाही. झाकलं की आत हवा खेळत नाही. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे मोजलं, कोरडी मलमल टाकल्यावर गाडीच्या आतलं तापमान बाहेरपेक्षा अडीच अंशांहून जास्त वाढलं, ओली मलमल आणि छोटा पंखा लावल्यावर मात्र चारपाच अंशांनी उतरलं. आपल्याकडे दमट हवेत ओलं कापड इतकं काम करणार नाही, म्हणून मी म्हणेन गाडीचं छत ओढा, समोरची बाजू मोकळी ठेवा, गाडी सावलीत लावा आणि दर दहा मिनिटांनी मानेमागे हात घालून बघा. पट्ट्याची बक्कलं उन्हात तापतात, बाळाला बसवायच्या आधी तीही चाचपा. आणि सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी नको, दूधच जास्त वेळा पाजा.

प्रश्न : एप्रिलमध्ये दीड वर्षाच्या मुलाला गाडीत घालून घारापुरीला नेता येईल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गाडी तरी नाहीच. गेटवेवरून बोटीला तासभर लागतो आणि पुढे लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. हिवाळ्यात, पहिल्या बोटीने, बाळ पाठीवर बांधून जा. सोमवारी लेणी बंद असतात.