जानेवारीत जयपूरला एकटीला एकच दिवस मिळाला तर फिरणं आणि खरेदी दोन्ही होईल का? की खरेदीला सोबत हवीच?

होईल. फक्त शहराबाहेरचा आमेरचा किल्ला सोडून द्या. जाऊन-येऊन अर्धा दिवस तिथेच जातो आणि थंडीत सहाच्या सुमारास अंधारून येतं. जुन्या शहराच्या वेशींच्या आतच राहा.

मी लिहायला बसले ते 'सोबत हवीच का' यावरून. आमच्या जाऊबाईंचं ठाम मत आहे की बाई एकटी बाजारात गेली की लुबाडली जाते. एकीनं भाव करायचा, दुसरीनं 'चल गं, पुढे बघू' म्हणायचं. त्यांच्याबरोबर जयपूर झालंय माझं. रिक्षावाला गोड बोलून स्वतःच्या ओळखीच्या शोरूमला घेऊन गेला, चहा आला, थानावर थान उलगडली, आणि दोन तोंडं असूनही बापू बाजारात मिळतात त्याच चादरी आम्ही जवळजवळ दुप्पट भावानं उचलल्या. त्याचं कमिशन आमच्याच बिलातून गेलं, हे जाऊबाई अजून मानत नाहीत.

नंतर संक्रांतीच्या वाणासाठी मी एकटी गेले. हवामहल पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळी समोरच्या फुटपाथवरूनच पाहिला. 1799 सालचा तो दर्शनी भाग बाहेरूनच बघण्यासारखा; वेळ कमी असेल तर आत जाऊ नका. धुकं विरल्यावर जंतरमंतर. तिथलं सम्राट यंत्र म्हणजे अवाढव्य सूर्यघड्याळ, 27 मीटर उंच आहे. सावलीच्या कडेवर नजर ठेवून गप उभं राहायचं, मिनिटाभरात ती तीन-चार बोटं सरकते, चक्क डोळ्यांदेखत. वेळ मात्र जयपूरची स्वतःची, जानेवारीत आपल्या घड्याळापेक्षा अर्ध्या तासाहून जास्त मागे. जाऊबाईंच्या वेळी आम्ही इथे फोटो काढून बाहेर पडलो होतो.

मग त्रिपोलिया बाजारातून आत, मनिहारों का रास्ता. लाखेच्या बांगड्या घ्यायच्या तर इथेच. कारागीर बाई कोळशाच्या शेगडीपाशी बसली होती. लाखेचा गोळा निखाऱ्यावर मऊ करायचा, त्यावर रंगीत लाख फिरवायची, लांब वळी ओढायची, टोकं गरम असतानाच जोडायची आणि लाकडी दांड्यावर चढवून गोल करायची. माझा हात दाबून तिनं न विचारताच माप सांगितलं. त्या गारठ्यात शेगडीजवळून उठवत नव्हतं, म्हणून बसले. घाई नाही, मागे कोणी ताटकळलेलं नाही. वाणाच्या बांगड्या डझनानं घेणार म्हटल्यावर भाव तिनं आपणहून उतरवला. भाव करायला दुसरं तोंड लागत नाही, बसायला वेळ लागतो. सोबत असली की नेमका तोच मिळत नाही, कारण एकीचे पाय दुखतात आणि दुसरीला मोजड्या बघायच्या असतात.

जौहरी बाजारात कचोरी खा, गजक घ्या. दागिन्यांत पारख नसेल तर खडे घेऊ नका, कोणी कितीही 'असली' म्हणो. पारख नसलेल्या दोघी गेल्या तरी फसतातच.

राहिलं ते असं. जुन्या शहरातली बरीच दुकानं रविवारी बंद असतात आणि एरवीही साडेदहा-अकराच्या आधी उघडत नाहीत, तोवर फिरून घ्या. 'कुठं जायचं' विचारत मागे लागणाऱ्या रिक्षात बसू नका, ॲपवरून बोलवा. दुकानं बंद झाल्यावर आतल्या गल्ल्यांत एकटीनं रेंगाळू नका. आणि सोबत नसली की पिशव्या धरायला कोणी नसतं, जाऊबाईंचं एवढं बरोबर. त्यामुळे रजई सगळ्यात शेवटी घ्या. आत कापूसच आहे ना, पॉलिएस्टर नाही ना, हे विचारा, वजनाला किती तेही विचारा, घट्ट गुंडाळून बांधून घ्या आणि तिथूनच थेट मुक्कामी जा.