नुसत्या जेलच्या गटालाही सूज? रिपोर्टमधली रिकव्हरी बघा

तुमच्या पोस्टमधला प्रयोग असा: पॉलोक्सॅमर ४०७ चं (थंडीत पातळ, उबेत घट्ट होणारं पॉलिमर) २० टक्के जेल, त्यात ओव्हल्ब्युमिन (अंड्यातलं प्रथिन, इथे अँटिजेन म्हणून), उंदराला त्वचेखाली १०० मायक्रोलिटर. अँटिबॉडी भरपूर, पण नुसतं जेल दिलेल्या गटातही सूज आणि आयएल-६ (दाह दाखवणारं प्रथिन) वाढलेलं. एन्डोटॉक्सिनचा (जिवाणूंच्या आवरणातलं, दाह पेटवणारं विष) रिपोर्ट मात्र 'मर्यादेत'. वाचून माझं जुनं दुखणं आठवलं. जेल बनवण्यात जात नाही, ते तुम्हाला येतंच.

त्या रिपोर्टवर विसंबू नका. एन्डोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी ३७ अंशांवर चालते. पातळ न करता नमुना घातला तर तुमचं २० टक्के पॉलोक्सॅमर चाचणीच्या प्लेटमधल्या खळग्यातच (वेल) घट्ट होतं आणि आकडा छान कमी येतो. आमचे नमुने तपासणाऱ्या विभागाने नेमकं हेच केलं होतं. स्पाइक रिकव्हरी (मुद्दाम घातलेल्या एन्डोटॉक्सिनपैकी चाचणीला किती सापडलं) मागितली तर उत्तर आलं, "फॉरमॅटमध्ये तो रकाना नाही." सही-शिक्का मात्र ठसठशीत! त्या कागदापायी उंदरांची अख्खी बॅच फुकट गेली.

तेव्हा बर्फावरच्या जेलला एन्डोटॉक्सिनमुक्त थंड पाण्यात १०० पट पातळ करा, त्यात ०.५ ईयू (एन्डोटॉक्सिनचं एकक) प्रति मिली स्पाइक घाला. रिकव्हरी ५० ते २०० टक्क्यांत नसेल तर आकडा केराच्या टोपलीत. ५ ईयू प्रति किलो ही मर्यादा धरली, तर २० ग्रॅमच्या उंदराला ०.१ ईयू, म्हणजे तुमच्या डोसला जेलमध्ये १ ईयू प्रति मिली. १०० पट पातळ करून हे पकडायचं तर चाचणीची संवेदनशीलता निदान ०.०१ ईयू प्रति मिली हवी, ०.००५ ची किट घ्या. ऑटोक्लेव्ह आणि ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर जंतूंसाठी, एन्डोटॉक्सिन त्यातून सहीसलामत सुटतं. काचसामान २५० अंशांवर अर्धा तास भाजा. ओव्हल्ब्युमिनही तपासा, साध्या ग्रेडमध्ये एन्डोटॉक्सिन भरपूर असतं आणि ते स्वतःच अॅडज्युव्हंटचं (प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या पदार्थाचं) काम करतं. त्याच लॉटचं अँटिजेन जेलशिवाय, नुसत्या पीबीएसमध्ये (खारट बफर) दिलेला गट नसेल, तर वाढलेल्या अँटिबॉडींचं श्रेय जेलला देऊ नका.

(माझं मत आहे, तुमच्या एथिक्स कमिटीचे नियम वेगळे असतील तर ते पाळा.)

आणखी एक. हे जेल त्वचेखाली एक-दोन दिवसांत विरघळून जातं, त्याला 'स्लो रिलीज' म्हणणं मला तरी धाडसाचं वाटतं. आठवडे हवे असतील तर स्टॅनफर्डच्या एरिक अॅपेल यांच्या गटाचं सेल्युलोज आणि पीईजी-पीएलए या पॉलिमरच्या नॅनोकणांचं जेल बघा. ते दाबाखाली पातळ होतं, तापमानाची भानगड नाही. मे महिन्यात पुण्यात सिरिंजमध्येच गोठायची भीती नाही. फक्त सेल्युलोजमधल्या बीटा-ग्लुकॅनमुळे एलएएल खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं, तेव्हा चाचणी करणाऱ्यांना ग्लुकॅन ब्लॉकर किंवा रिकॉम्बिनंट फॅक्टर सी (ग्लुकॅनला न फसणारी पर्यायी चाचणी) वापरायला सांगा. लेखी सांगा.