पहिली ओळ येते, दुसरी येतच नाही

"मॅडम, माझ्यातली कविता संपली का हो?" खुर्चीत नीट बसायच्या आधीच तिने हे विचारलं. समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकायला मिळतो, कधी कविता लिहिणाऱ्यांकडून, कधी चित्रं काढणाऱ्यांकडून, त्यामुळे तिची गोष्ट तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगतेय.

वय चौतिशीचं, नोकरी करणारी, कॉलेजपासून कविता लिहिणारी. दीड वर्षापूर्वी वडील गेले, त्यांच्यावर एक कविता लिहिली, ती एका कार्यक्रमात वाचली आणि सगळं सभागृह रडलं म्हणे. त्यानंतर अकरा महिने एकही कविता नाही.

मी आधी कवितेचं काही विचारलंच नाही. झोप कशी आहे, भूक लागते का, ज्या गोष्टींत मन रमायचं तिथे रमतं का, हे विचारलं. कारण दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस सगळ्यातलाच रस गेला असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर तो प्रश्न कवितेचा राहत नाही, नैराश्य आहे का ते डॉक्टरकडून तपासून घ्यावं लागतं. तिचं तसं नव्हतं. ऑफिस, मैत्रिणी, वाचन सगळं चालू होतं, फक्त वही कोरी.

मग मी एक चूक केली. रोज सकाळी दहा मिनिटं न थांबता, न खोडता काहीही लिहायचं, हा आमचा नेहमीचा होमवर्क तिला देऊन टाकला. बऱ्याच जणांना त्याचा उपयोग होतोही. पुढच्या वेळी ती आली ते चेहरा पाडूनच, म्हणाली सात दिवस लिहिलं, सगळं भिकार होतं, आता तर पुरावाच मिळाला की माझ्याकडे काही उरलेलं नाही. म्हणजे मी सुटका म्हणून दिलेली गोष्ट तिने परीक्षा म्हणून दिली, आणि पेपरही स्वतःच तपासला. घाई माझी झाली होती, आधी ऐकायला हवं होतं.

म्हणून दुसरं सांगितलं. लिहू नकोस, पण जे सुचून पुसून टाकतेस ते आठवडाभर पुसू नकोस. ती मोबाईलमध्ये तेवीस ओळी घेऊन आली. तेवीस! सुचत नाही म्हणणारीच्या मोबाईलमध्ये तेवीस पहिल्या ओळी होत्या आणि दुसरी ओळ एकीलाही नव्हती. इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हिची विहीर आटलेली नाही, पोहरा वर यायच्या आतच कोणीतरी पाणी चाखून थुंकतंय.

'रायटर्स ब्लॉक', म्हणजे लिहिणाऱ्याचं असं अडून बसणं, हा शब्द एडमंड बर्गलर नावाच्या मनोविश्लेषकाने १९४० च्या दशकात आणला, आणि त्याचं मूळ तो पार तान्हेपणात, आईच्या दुधाशी वगैरे नेऊन जोडायचा, मला ते कधी पटलं नाही. त्यापेक्षा १९८० साली माईक रोझ या लेखनाच्या अभ्यासकाने दहा विद्यार्थ्यांशी बोलून जे मांडलं ते मला रोज दिसतं. त्यातले पाच अडकणारे, पाच न अडकणारे. नियम सगळ्यांकडेच होते, पण अडकणाऱ्यांचे नियम दगडासारखे, एकाला तर पहिला परिच्छेद परफेक्ट झाल्याशिवाय पुढे जायचंच नाही असं वाटायचं. ते निबंध लिहिणारे होते हे खरं, पण कविता लिहिणारे यात कमी नसतात, उलट जास्तच.

तर मी तिला म्हणलं, तुझे नियम सांग. आधी म्हणाली नियम-बियम काही नाहीत, मग एकेक निघायला लागले. पहिली ओळ ऐकून लोक गप्प झाले पाहिजेत. कविता आपोआप आली तर खरी, बसून केली तर खोटी. नवीन कविता बाबांच्या कवितेपेक्षा खाली जाता कामा नये. यावर मी जर्मन भाषेतला मोठा कवी रिल्के, त्याचं सांगितलं, की त्याने १९१२ मध्ये सुरू केलेल्या दहा विलापिका, म्हणजे शोककविता, पुऱ्या व्हायला १९२२ उजाडलं. तर ती लगेच, "तो रिल्के होता हो!" बरोबरच होतं तिचं, असली उदाहरणं अडलेल्या माणसाला धीर कमी आणि दडपणच जास्त देतात.

चौथा नियम मात्र ती बराच वेळ बोलली नाही. शेवटी खाली बघत म्हणाली, "बाबा गेले त्याच्यावर मी टाळ्या घेतल्या. आता काहीही वाईट झालं की आधी ओळ सुचते आणि मग रडू येतं, मला माझीच किळस येते." पुसून टाकण्यामागे हे होतं. मी तिला 'अगं तसं काही नसतं' वगैरे म्हणाले नाही, फक्त विचारलं की ओळ सुचली तेव्हा दुःख कमी होतं का? बराच वेळ गेला. मग म्हणाली, नाही, तेवढंच होतं.

त्यानंतर एक छोटा प्रयोग केला. मुक्तछंद बंद, फक्त अष्टाक्षरी, प्रत्येक ओळीत मोजून आठ अक्षरं, कोणालाही दाखवायचं नाही, मलासुद्धा नाही. मोजायला लागलं की डोक्यातला तो परीक्षक बोटांवर हिशेब करत बसतो आणि तेवढ्यात ओळ निसटून कागदावर येते, निदान तिचं तरी तसं झालं. मुक्तछंदात अडकलेल्यांना मी हे हमखास सुचवते. छंदातच जखडलेल्यांना मात्र उलटं, त्यांना महिनाभर यमकबंदी.

तीन आठवड्यांनी तिनेच दोन ओळी वाचून दाखवल्या:

चष्मा तुझा घातला मी
आणि खोली धूसरली

पुढे काय, विचारलं तर म्हणाली अजून नाही माहीत, पण पुसलं नाही. आवाजात घाई नव्हती. मी डायरी बंद करत म्हणलं, "पुढच्या महिन्यात भेटू." तिची बोटं मांडीवर हलली आणि ती हसली, "नऊ झाली मॅडम, एक अक्षर जास्त आहे."