गोल्डनच्या माहेरी जाताना सोनीला घरीच ठेवा

प्रश्न : आम्ही दोघे पती-पत्नी सांगलीत विश्रामबागेत राहतो. मी पाटबंधारे खात्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आमच्याकडे सोनी नावाची पाच वर्षांची गोल्डन रिट्रीव्हर मादी आहे. वालचंद कॉलेजात असताना माझ्या खोलीत राहणारा मित्र गेली वीस वर्षे स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसला स्थायिक आहे. त्याच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर दर पाच वर्षांनी गोल्डन रिट्रीव्हरचा मोठा मेळावा भरतो आणि २०२८ मध्ये आम्ही त्याला यावेच, असा त्याचा व त्याच्या पत्नीचा आग्रह आहे. सोनीला बरोबर नेता येईल का? नेता येत नसेल तर तिला कोठे ठेवावे? आम्ही पूर्वी कधी परदेशी गेलेलो नाही. पत्नीला सोनीशिवाय त्या मेळाव्याला जाणे मुळीच पटत नाही. कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही दोघे अवश्य जा आणि सोनीला सांगलीतच ठेवा. हे वाचून ताईंना वाईट वाटेल याची मला कल्पना आहे, म्हणून कारणे नीट मांडते.

भारतातून ब्रिटनमध्ये कुत्रा नेण्यास बंदी नाही, पण वाट लांबची आहे. आधी मायक्रोचिप बसवावी लागते आणि रेबीजची लस त्यानंतरच द्यावी लागते. चिप बसवण्यापूर्वी टोचलेली लस तेथे धरली जात नाही. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचा, त्यात प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक इतके भरले पाहिजे, आणि तसे ते भरले तरी नमुना घेतल्यापासून ३ महिने उलटल्याशिवाय कुत्र्याला तेथे प्रवेश मिळत नाही. शिवाय तेथे पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या मधल्या अवधीत पशुवैद्याकडून फीतकृमीचे औषध देऊन त्याची नोंद करून घ्यावी लागते. यातले एखादे पाऊल चुकले तर कुत्र्याला स्वखर्चाने ४ महिन्यांपर्यंत विलगीकरणात ठेवतात किंवा परत पाठवतात. परतताना आपल्याकडील प्राणी विलगीकरण सेवेची ना-हरकतही लागते.

कागदपत्रे कष्टाने जमवता येतात. माझी खरी हरकत प्रवासाला आहे. अपंगांच्या मदतीसाठी शिकवलेल्या कुत्र्यांचा अपवाद सोडला, तर विमानाने ब्रिटनमध्ये येणारा कुत्रा मालाबरोबर पिंजऱ्यातून येतो. पाच वर्षांत जी सोनी तुमच्या पलंगाच्या पायथ्यापासून कधी दूर झोपलेली नसेल, तिने अनोळखी आवाजात, अंधारात, पाणी पुरेल न पुरेल अशा अवस्थेत दहा-बारा तास काढायचे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तसेच परतायचे. मुक्काम हलवून कायमचे जाणाऱ्या कुटुंबाला मी याच कामात मनापासून मदत करते, कारण तेथे कुत्र्याला मागे सोडणे अधिक क्रूर ठरते. पंधरा दिवसांच्या सहलीसाठी मात्र माझे मन होत नाही. मेळाव्याचे अप्रूप आपल्याला आहे, सोनीला नाही. शेकडो अनोळखी कुत्र्यांच्या गर्दीत ती तुमच्या पायांत शिरून बसेल.

आता तुम्ही का जावे, ते सांगते. मेळावा भरतो त्या जागेचे इंग्रजी स्पेलिंग वाचले तर ‘गुइसाचन’ असा उच्चार होईल, पण तेथील माणसे ‘गूशगन’च्या जवळ जाणारा उच्चार करतात, हे कानावर असू द्या. टॉमिक या लहानशा गावाजवळच्या या इस्टेटीवर डडली मार्जोरिबँक्स यांनी, जे पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ झाले, ही जात घडवली. काळ्या रिट्रीव्हरच्या वेतात निघालेला नूस नावाचा एकुलता पिवळा कुत्रा त्यांनी १८६५ मध्ये ब्रायटनला घेतला आणि बेल नावाच्या ट्वीड वॉटर स्पॅनियल मादीशी त्याची जोडी लावली. १८६८ मध्ये त्यांना पिवळी पिल्ले झाली. क्रोकस, काउस्लिप, प्रिमरोझ अशी फुलांची नावे त्यांना ठेवली होती. ट्वीड वॉटर स्पॅनियल ही जात पुढे नामशेष झाली, पण तिचा अंश आज गोल्डनमध्ये उरला आहे.

बरीच वर्षे लोक असे मानत की, लॉर्डसाहेबांनी रशियन सर्कशीतले कुत्रे विकत घेतले आणि त्यांच्यापासून ही जात निघाली. त्यांच्या श्वानशाळेची हस्तलिखित नोंदवही १९५२ मध्ये प्रकाशात आली तेव्हा ती कथा मागे पडली. कोणत्या मादीला कोणत्या कुत्र्यापासून कोणती पिल्ले झाली, हे कोणीतरी वर्षानुवर्षे शाईने लिहून ठेवले होते म्हणून आज आपल्याला खरे काय ते कळते. आपल्या जत-आटपाडीच्या धनगरांकडील कारवानी कुत्र्यांच्या अशा वह्या कोणी ठेवल्या असत्या, तर किती काम सोपे झाले असते, असे मला प्रत्येक वेळी वाटते.

तुमची सोनी पावसाळ्यात अंगणातल्या प्रत्येक डबक्यात बसत असेल, हळूच तोंडात धरून चप्पल आणून देत असेल आणि चपलेवर दाताची एक खूणही नसेल. या सवयींचे मूळ त्या इस्टेटीच्या दरीत आहे. गोळी लागलेला पक्षी थंड पाण्यातून किंवा ओल्या झुडपांतून पिसे न विस्कटता आणून देणे, एवढ्या एका कामासाठी ही जात निवडत नेली. तिची दुहेरी केसाळी त्याच पाण्यासाठी आहे. आतला मऊ थर अंग कोरडे ठेवतो आणि वरचा थर पाणी निथळून टाकतो. जुलैतही पारा विशीच्या आसपास रेंगाळतो अशा प्रदेशात उभे राहून तुम्ही हे पाहिलेत, की सांगलीच्या एप्रिलमध्ये सोनी मोरीतल्या गार फरशीला पोट लावून का पडते, हे मी वेगळे सांगायला नको.

२०१८ च्या मेळाव्यात, म्हणजे त्या पहिल्या वेताला १५० वर्षे झाली त्या साली, ३६१ गोल्डन एकत्र आले होते. २०२३ मध्ये ती संख्या ४८८ झाली. ज्या वाड्यासमोर सगळ्यांचे एकत्र छायाचित्र घेतात, त्याच्या आज छप्पर नसलेल्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. तेथे गेल्यावर देखण्या कुत्र्यांची छायाचित्रे घ्याच, पण म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मालकांशी अधिक बोला. बारा-तेरा वर्षांचा गोल्डन स्वतःच्या पायांनी चालत असेल, तर त्याचे वजन किती ठेवले, खुब्यांची तपासणी केव्हा केली, हे विचारा. ब्रिटनमध्ये पैदाशीपूर्वी खुब्यांचे क्ष-किरण चित्र तपासून दोन्ही मिळून ० ते १०६ असे गुण देण्याची पद्धत आहे आणि आकडा जितका लहान तितके खुबे चांगले. आपल्याकडे पिल्लू घेताना आईबापांच्या खुब्यांची चौकशी करणारा ग्राहक मला वर्षातून एखादाच भेटतो. कोणत्याही कुत्र्याला हात लावण्यापूर्वी मालकाला विचारा आणि खाऊ तर विचारल्याशिवाय देऊच नका, कारण काहींना ॲलर्जी असते.

सोनीला कोठे ठेवावे, हा तुमच्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रश्न आहे. मागचा मेळावा जुलैत झाला होता आणि जुलै-ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे कृष्णेच्या पुराचे दिवस. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे तुम्हाला मी सांगावे असे नाही; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, हेही तुम्ही जवळून पाहिले असेल. तेव्हा बोर्डिंग निवडताना पिंजरे आणि वातानुकूलन पाहण्याआधी ती जागा पुराच्या रेषेच्या वर आहे का ते पाहा आणि रस्ते बंद झाले तर कुत्र्यांना कोठे हलवणार, हे मालकाला स्पष्ट विचारा. उत्तर देताना तो घुटमळला, तर दुसरी जागा शोधा. त्याहून चांगले म्हणजे मिरजेत किंवा तुमच्याच भागात उंचावर राहणारे, सोनीला ओळखणारे घर. तुम्ही निघण्यापूर्वी किमान महिनाभर आधी सोनीची लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस पूर्ण झालेली असावी, कारण पुराच्या साचलेल्या पाण्यातून हा रोग कुत्र्यांना होतो आणि त्यांच्यापासून माणसांनाही.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी मी दहा दिवसांसाठी बाहेर गेले आणि माझी लॅब्रॅडोर मादी मिरजेला भावाकडे ठेवली. तिचे ताट, गादी, औषधे असे सगळे मी दिले होते, तरी दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावले नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीला सुचले आणि तिने माझी न धुतलेली सुती ओढणी, जी मी घाईत खुर्चीवर टाकून आले होते, घरून मागवून तिच्या गादीवर अंथरली. ओढणीत नाक खुपसून ती तासभर पडून राहिली आणि मग उठून जेवली. मी पशुवैद्य असूनही ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. म्हणून ताईंना माझी विनंती आहे की, निघण्यापूर्वी आठवडाभर वापरलेली एक साडी न धुता सोनीबरोबर द्यावी, आणि त्याआधी दोन-तीन वेळा एकेका रात्रीसाठी तिला त्या घरी ठेवून पाहावे. पहिल्यांदाच घर सोडताना थेट पंधरा दिवसांचा विरह तिला नको.

तुमच्या तयारीचे थोडक्यात सांगते. पासपोर्ट आताच काढून ठेवा. सहा महिन्यांपर्यंतच्या भेटीचा व्हिसा प्रवासाच्या तारखेआधी ३ महिन्यांहून लवकर मागता येत नाही, म्हणून त्याची घाई नको. बोटांचे ठसे देण्यासाठी पुण्याला जावे लागेल. मित्राचे निमंत्रणपत्र जोडा, त्यात तो तुम्हाला किती दिवस आणि कोठे ठेवणार आहे हे स्पष्ट असावे. मात्र तुमचे निवृत्तिवेतन, बँकेतील शिल्लक आणि परत येण्याचे कारण यांना अधिक महत्त्व असते, आणि घरी वाट पाहणारी सोनी हे त्यातले खरे कारण असले तरी कागदावर घर व जमीनजुमला लिहावा लागतो. वैद्यकीय विमा अवश्य काढा, कारण तेथील सरकारी रुग्णालये परदेशी पाहुण्यांकडून उपचाराचा खर्च आकारतात. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावाशेजारी राहणाऱ्या आपल्याला हे एकदम लक्षात येत नाही. जुलैत त्या दरीत मिज नावाची चावरी चिलटे असतात, गवतात गोचिडी असतात; पूर्ण बाह्यांचे कपडे न्या आणि संध्याकाळी पाय तपासा. मेळाव्याच्या आठवड्यात त्या भागात खोली मिळणे कठीण असल्याने मित्राच्या घरीच मुक्काम करा, पण पाहुणचार पंधरा दिवसांचा असेल तर मधले तीन-चार दिवस स्वतंत्रपणे फिरून या. जुनी मैत्री असली तरी यजमानांना घर मोकळे मिळाले की बरे वाटते.

प्रश्न : आम्हीही एडिंबरोला मैत्रिणीकडे जाणार आहोत आणि तिच्याकडे गोल्डन आहे. तिला साताऱ्याचे कंदी पेढे आणि तिच्या कुत्र्यासाठी चघळायची हाडे न्यावीत का? आमचा गोठा आहे, त्याची काही अडचण येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पेढे आणि हाडे, दोन्ही नेऊ नका. भारतातून जाणाऱ्या प्रवाशाला मांस व दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत; पेढे, बर्फी आणि मांसापासून केलेला कुत्र्यांचा खाऊ हे सगळे त्यात येते. हा नियम जाचक वाटेल, पण त्यामागचे कारण गोठा असलेल्या माणसाला चटकन पटेल. लाळ्या-खुरकुताचा विषाणू अशा पदार्थांतून पसरू शकतो आणि २००१ मध्ये तेथे या रोगाची साथ आली तेव्हा ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. आपल्याकडे हा रोग आहे, त्यांच्याकडे नाही. म्हणून गोठ्यातले बूट किंवा चपला बरोबर नेऊच नका आणि जे बूट न्याल ते तळव्यांच्या खाचांतली माती ब्रशने काढून, धुऊन, पूर्ण वाळवून न्या. कुत्र्यासाठी दोरीचे किंवा रबराचे खेळणे घ्या. मैत्रिणीसाठी सांगलीचा भडंग बंद पाकिटात न्यावा. त्यात दूध नाही, मांस नाही, आणि परदेशात राहिलेल्या आपल्या माणसाला त्याच्या लसणीच्या वासानेच गाव आठवते. त्यातले दाणे-लसूण कुत्र्याच्या तोंडात जाऊ देऊ नका असे मात्र तिला सांगा, लसूण कुत्र्यांना बाधते.