‘ईमेल’ आला, आली की आले?

प्रश्न असा आहे: ‘तुझी मेल मिळाली’ असे लिहिल्यावर एका सहकाऱ्याने ‘तुझा मेल मिळाला’ अशी दुरुस्ती केली, यातले शुद्ध काय, आणि सेटिंग, लिंक, ॲप यांसारख्या शब्दांचे लिंग ठरवायचे कसे? पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. दोन्ही रूपे प्रचारात आहेत आणि सहकाऱ्याची दुरुस्ती अनावश्यक होती. दुसरा भाग मात्र रंजक आहे.

इंग्रजी नामांना व्याकरणिक लिंग नसते, पण मराठीत आलेल्या नामाला ते घेतल्यावाचून गत्यंतर नाही. ‘मी ईमेल पाठवीन’ म्हणेपर्यंत प्रश्न टाळता येतो. भूतकाळात कर्मणी प्रयोग आला की क्रियापद कर्माच्या मागे जाते आणि ‘पाठवला’ की ‘पाठवली’ हे सांगावेच लागते. मूळ भाषेत लिंग असले तरी मराठी ते जसेच्या तसे उचलत नाही. पोर्तुगीजमधील स्त्रीलिंगी ‘बटाटा’ मराठीत केवळ आकारान्त असल्यामुळे आंबा आणि कांदा यांच्या पंगतीत जाऊन बसला. ज्या फारसीत व्याकरणिक लिंगच नाही, तिच्यातून आलेले ‘दुकान’ हिंदीत स्त्रीलिंगी, तर मराठीत नपुंसकलिंगी झाले.

संगणकाच्या शब्दांतही शेवटच्या स्वराचा हा प्रभाव दिसतो. बॅटरी, मेमरी, कॉपी या ईकारान्त म्हणून स्त्रीलिंगी (टीव्ही हा ठळक अपवाद), तर फोटो, व्हिडिओ, रेडिओ पुल्लिंगी. ‘कॅमेरा’ आणि ‘डेटा’ हे दोघेही पुल्लिंगी असले, तरी मराठीत दोघे सारखे मुरलेले नाहीत: आपण ‘कॅमेऱ्यात’ आणि ‘कॅमेरे’ सहज म्हणतो, पण ‘डेट्यात’ कोणी म्हणत नाही. लिंग आधी मिळते. सामान्यरूप मिळायला वेळ लागतो, आणि काहींना ते कधीच मिळत नाही.

मला सर्वांत मौज वाटते ती ‘-इंग’ने संपणाऱ्या शब्दांची. रेकॉर्डिंग, टायपिंग, शूटिंग हे क्रियेचे वाचक असल्यामुळे, आपल्या ‘लिहिणे’, ‘वाचणे’ या क्रियावाचक नामांप्रमाणेच, नपुंसकलिंगी होतात: ‘रेकॉर्डिंग चांगले झाले’. पण ‘बिल्डिंग’ ही इमारतीच्या आणि ‘मीटिंग’ ही बैठकीच्या वळणाने स्त्रीलिंगी झाली, कारण तिथे क्रियेपेक्षा वस्तू किंवा प्रसंग डोळ्यांसमोर असतो. ‘सेटिंग’ या दोहोंच्या सीमेवर आहे, म्हणूनच ‘सेटिंग बदलले’ आणि ‘सेटिंग बदलली’ असे दोन्ही कानांवर पडते.

‘मेल’ व्यंजनान्त उच्चारला जात असल्याने शेवटच्या स्वराची मदत तिथे मिळत नाही. अर्थाकडे वळावे तर निरोप पुल्लिंगी, चिठ्ठी स्त्रीलिंगी आणि पत्र नपुंसकलिंगी, म्हणजे तिन्ही दिशांनी ओढ! तरीही निवड करायचीच असेल तर मी पुल्लिंगाच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण अनेकवचनात आहे. ‘देव’, ‘दगड’ यांसारख्या पुल्लिंगी शब्दांचे रूप अनेकवचनात बदलत नाही, त्यामुळे ‘दहा ईमेल आले’ हे वाक्य बिनबोभाट होते. स्त्रीलिंग घेतले तर ‘ईमेली’ किंवा ‘ईमेला’ करावे लागेल. दोन्ही रूपे कानाला खटकतात आणि लिहिणारा शेवटी ‘ईमेल्स’ या इंग्रजी रूपाकडे वळतो. ‘फाइल’ची ही अडचण ‘फायली’ रुळल्याने सुटली. ‘मेल’ची सुटलेली नाही.

राहिले लिंक आणि ॲप. ‘लिंक’ स्त्रीलिंगी आणि ‘ॲप’ नपुंसकलिंगी हे प्रयोग आता बऱ्यापैकी स्थिर आहेत, पण इथे मराठी प्रतिशब्दाच्या आधारे नियम करू नये: ‘दुवा’ पुल्लिंगी असूनही ‘लिंक’ स्त्रीलिंगी आहे, आणि ‘संकेतस्थळ’ नपुंसकलिंगी असूनही ‘वेबसाइट’ स्त्रीलिंगी आहे. अशा ठिकाणी चारचौघांच्या तोंडी जे आहे तेच प्रमाण मानावे. जिथे दोन रूपे चालतात तिथे कोणतेही एक घ्यावे, मात्र एकाच पत्रात वर ‘मेल मिळाली’ आणि खाली ‘तो मेल पुन्हा पाठवा’ असे होऊ देऊ नये.