युद्धाचा निकाल हवामान ठरवतं, की ती हरलेल्यांची सबब असते?

नेपोलियनची रशियातली थंडी आणि पानिपतची थंडी अशी दोन उदाहरणं देऊन तुम्ही विचारलंय की हवामानामुळे लढाया खरंच हरतात, की ही पराभवानंतर शोधलेली सबब असते. माझं मत असं आहे की हवामानाचा घाव लढाईच्या दिवशी क्वचितच बसतो. तो आधीच बसलेला असतो, नदी, चारा आणि वाटा यांच्यामार्फत.

पानिपतच घ्या. ऑगस्ट १७६० च्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा अब्दाली यमुनेच्या पलीकडे होता. यमुना दुथडी भरून वाहत होती. ना याला तिकडे जाता येई, ना त्याला इकडे येता येई. भाऊंना दिल्लीत पैसा आणि धान्य पुरेना, म्हणून ते उत्तरेला कुंजपुऱ्याकडे निघाले आणि १७ ऑक्टोबरला त्यांनी ते ठाणं घेतलं. धान्याचा मोठा साठा हाती आला. मधे नदीचं पाणी होतं, त्यामुळे अब्दालीला मदत पाठवता आली नाही. इथपर्यंत पूर मराठ्यांच्या बाजूने होता. पण पावसाळा सरला होता, पाणी उतरत होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात बागपतजवळ अब्दालीने सैन्य नदीत घातलं. काही माणसं वाहून गेली, पण फौज अलीकडे आली आणि थेट भाऊ आणि दिल्ली यांच्या मधे उभी राहिली. दक्षिणेकडची वाट बंद झाली. नदीच्या उतारांवर भक्कम चौक्या नव्हत्या, आणि माझ्या मते पानिपतातली सगळ्यात महाग पडलेली चूक हीच.

पुढचे अडीच महिने त्याच चुकीचा परिणाम आहेत. डिसेंबरात मराठ्यांच्या रसदेची व्यवस्था बघणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद आटली, घोडी चाऱ्यावाचून मेली. १४ जानेवारी १७६१ ला उत्तरेतली कडक थंडी होती आणि दक्षिणेतून आलेल्या आपल्या लोकांजवळ पुरेसे गरम कपडे नव्हते, हे खरंच आहे. पण पोट भरलेलं आणि घोडं धडधाकट असतं, तर तीच थंडी सोसवली असती. नेपोलियनचंही तसंच. १८१२ च्या उन्हाळ्यातच उष्मा, रोगराई आणि चाऱ्याची टंचाई यांनी त्याची माणसं आणि घोडी हजारोंनी गेली होती. बर्फ पडायला लागलं तेव्हा फौज आधीच पोखरलेली होती.

आपल्याकडे दसऱ्याला मोहिमा निघत, त्यामागेही हेच गणित होतं. पाऊस थांबलेला, नद्यांना उतार मिळालेला, रानात गवत भरपूर आणि खरिपाचं पीक हाताशी. पावसाळ्यात फौजा छावणीला जात.

हा नेम सगळ्यांना माहीत असल्यामुळे तो मोडणाऱ्याला मोठा फायदा मिळे. सिद्दी जौहरने मार्च १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घातला. पाऊस सुरू झाला की वेढा सैल पडेल, असा अंदाज कुणीही केला असता. जौहरने मात्र छपरं उभारून भर पावसात वेढा तसाच ठेवला. मग महाराजांनी त्याच पावसाची आड घेतली आणि जुलैतल्या एका रात्री विशाळगडाकडे कूच केलं. पन्हाळा ते पावनखिंड ही वाट मी जुलैत चाललो आहे. म्हसाई पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि चिखल पाय धरून ठेवतो. तिथून रात्री पालखी पळवत नेली, हे त्या चिखलात उभं राहिल्यावर जास्त कळतं. पाठलाग करणाऱ्यांनाही तोच चिखल होता, पण वाट मावळ्यांच्या पायाखालची होती.

औरंगजेबाला आपला पाऊस कधीच पेलवला नाही. १७०० साली सातारा आणि परळी (म्हणजे सज्जनगड) हे किल्ले घेऊन परतताना त्याच्या फौजेचे हाल झाले. ऑक्टोबरात माण नदीकाठी खवासपूरला तळ असताना रात्री लोंढा आला. त्या धावपळीत बादशहाचा गुडघा निखळला आणि तो जन्मभर लंगडत राहिला. १७०२ मध्ये सहा महिने झुंजून त्याने विशाळगड घेतला, तोही शेवटी किल्ल्यातल्या मराठ्यांना मोठी रक्कम देऊन, आणि तेव्हा जून उजाडला होता. तिथून पन्हाळ्याजवळ परत यायला फौजेला महिन्याहून जास्त काळ लागला. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास! ओढ्यांमध्ये जनावरं आणि सामान वाहून गेलं. मराठ्यांची रीत ठरलेली होती: पाऊस तोंडावर येईपर्यंत किल्ला झुंजवायचा, मग पैसे घेऊन सोडायचा, आणि पुढे सवडीने परत घ्यायचा. एवढी अफाट फौज असलेल्या माणसाला या रीतीने थकवलं, याचं श्रेय किल्लेदारांना पुरेसं दिलं जात नाही असं मला वाटतं.

आधुनिक काळात हे बदललं का? १९७१ बघा. एप्रिलमध्येच पूर्व पाकिस्तानात घुसावं असा आग्रह होता, पण पावसाळ्यात तिथल्या नद्या समुद्रासारख्या पसरतात आणि रणगाडे रस्त्यांवर अडकून पडतात, हे लष्करप्रमुख माणेकशॉ यांनी इंदिरा गांधींना सांगितलं. थंडीत हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होतात, म्हणजे चीनची धास्तीही कमी. ३ डिसेंबरला युद्ध पेटलं आणि १६ डिसेंबरला ढाका पडलं. कोरड्या ऋतूतही मेघना आडवी होतीच. तिच्यावरचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवला होता, म्हणून तिथले भारतीय सेनापती सगत सिंगांनी आपले जवान हेलिकॉप्टरने पलीकडे उतरवले.