कॅलेंडरवरचं वचन

इंदूर, रविवार संध्याकाळ

प्रिय बाळा, सलाम.

आज उपासना सुटल्यावर दाराशी तू मला विचारलंस, "मावशी, देव झेपेल तेवढंच देतो ना?" आणि उत्तराची वाट न बघता गाडी सुरू करून निघूनही गेलास. एकाच गावात राहून पत्र लिहितेय याचं हसू येईल तुला. पण समोर बसून बोलले असते तर तू "हो मावशी, हो मावशी" करत मान डोलावली असतीस, आणि माझं बोलणं त्या मानेवरून घसरून गेलं असतं.

पीएससीच्या मेन्समध्ये, म्हणजे मुख्य परीक्षेत, तिसऱ्यांदा राहिलास हे तुझ्या रूममेटकडून कळलं. त्याच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं. बऱ्हाणपूरला घरी अजून सांगितलेलं नाहीस, हेही कळलं.

मागे तुझ्या भंवरकुआँच्या खोलीवर डबा घेऊन आले होते, तेव्हा टेबलासमोरची भिंत नीट बघून घेतली होती. आयुष्य नर्स म्हणून वॉर्डात गेलं, भिंतीवर काय लावलंय ते बघायची सवय जात नाही. वर ‘प्रयत्नांती परमेश्वर’. त्याखाली कोचिंगवाल्यांचा स्टिकर, ‘मन के हारे हार है, मन के जीते जीत’. मग पिवळ्या चिठ्ठीवर तुझ्याच अक्षरात ‘झेपतं त्यालाच देव देतो’. आणि खिळ्याला नाताळचं कॅलेंडर, यिर्मया २९:११, तुमच्याविषयी देवाच्या मनात ‘हिताचे संकल्प’ आहेत म्हणून. ते कॅलेंडर मीच दिलेलं. तेव्हा या प्रकरणात थोडी दोषी मीही आहे.

प्रयत्नांबद्दल माझा वाद नाही. तू कमी केलेस असं कुणी म्हणणार नाही. फक्त ‘जो स्वतःला मदत करतो त्यालाच देव मदत करतो’ हे शास्त्रात, म्हणजे बायबलात, आहे असं आपल्या निम्म्या मंडळीला वाटतं, आणि ते तिथे कुठेच नाही. त्याची मुळं इसापाच्या चिखलात रुतलेल्या गाडीवानापर्यंत जातात. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ च्या आपल्या पंचांगात ते छापलं आणि जगभर झालं. प्रेषित पौल रोमच्या मंडळीला पत्रात लिहितो ते याच्या अगदी उलट: आपण दुर्बळ होतो तेव्हाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला.

आता तुझी पिवळी चिठ्ठी. ती बहुतेक पहिल्या करिंथकरांस पत्राच्या १०:१३ वरून आली असावी. ‘तो तुमची परीक्षा तुमच्या शक्तीपलीकडे होऊ देणार नाही.’ पीएससीच्या मुलाला ‘परीक्षा’ शब्द दिसला की रेसिडेन्सी एरियातलं आयोगाचं ऑफिसच आठवणार! पण तो अध्याय सुरुवातीपासून वाच. इस्राएल लोक रानात मूर्तीपुढे नाचले, कुरकुरले, वाहवत गेले, असं सगळं चाललंय. तिथली परीक्षा म्हणजे मोह. मोहातून निसटायची वाट देव ठेवतो, एवढंच ते वचन सांगतं. माणसावर किती दुःख, किती अपयश, किती कर्ज येईल याचं माप त्यात दिलेलं नाही.

तोच पौल त्याच करिंथकरांना दुसऱ्या पत्रात, पहिल्याच अध्यायात लिहितो की आशिया प्रांतात आम्ही शक्तीपलीकडे दडपले गेलो, जगण्याची आशाच सुटली. शक्तीपलीकडे! त्याला झेपलं नाही, आणि हे त्याने पत्रात लिहून कळवलं. तीनच ओळींनी पुढे म्हणतो, तुम्हीही प्रार्थनेने आम्हाला हात द्या. सातव्या अध्यायात तर खचलेल्यांना धीर देणाऱ्या देवाने आम्हाला धीर कसा दिला, तर तीत नावाचा सोबती आला म्हणून, असं सरळ सांगतो. एक माणूस दारात येऊन उभा राहिला, बस.

तुझ्या चिठ्ठीने नेमकं हेच बंद करून टाकलंय. झेपतं त्यालाच देतो म्हटल्यावर ज्याला झेपत नाही तो कुणाला तोंड दाखवणार? तो खोलीचं दार लावून घेतो आणि घरी फोनवर "सब बढ़िया" म्हणतो.

माझंही एक सांगते, कधी कुणाला सांगितलेलं नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मुलांच्या वॉर्डात रात्रपाळीला होते. पहाटे चारच्या सुमाराला एक मूल गेलं, अडीच-तीन वर्षांचं. आई खाटेच्या लोखंडी दांडीला धरून उभी होती, रडतही नव्हती. मला ती शांतता सोसवेना. मी म्हटलं, "जो होता है अच्छे के लिए होता है, बहनजी." तिने माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तो ये अच्छा आपके घर हो जाए, सिस्टर." दांडी तिने सोडली नाही. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती, ती मला अजून दिसतात. शाप नव्हता तो. माझंच वाक्य तिने मला परत दिलं होतं.

त्यानंतर मी शास्त्रात ते वाक्य शोधत राहिले. रोमकरांस ८:२८ दाखवतात लोक, सगळ्या गोष्टी मिळून कल्याण होतं म्हणून. पण त्याच अध्यायात सारी सृष्टी कण्हतेय असंही आहे, आणि जे घडलं ते चांगलं होतं असं पौल कुठे म्हणत नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, त्याचं कारण येशूने सांगितलं नाही. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, तर नाही, एवढंच म्हणाला. आणि मेलेल्या लाजाराला तो उठवणार होता, त्याला ते ठाऊकही होतं, तरी कबरेकडे जाताना तो रडला. लाजाराच्या बहिणीला, मरीयेला, त्याने "चांगल्यासाठीच झालं" असं म्हटलं नाही.

राहिलं माझं कॅलेंडर. छापणाऱ्याने अकरावी ओळ घेतली आणि दहावी गाळली. दहावीत सत्तर वर्षं वाट बघणं आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं ते पत्र. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. आजच्या काळात तो भंवरकुआँच्या एखाद्या सेमिनार हॉलमध्ये माइक घेऊन उभा असता. दोन वर्षांत सगळे परत येतील, असं त्याने लोकांसमोर ठणकावलं आणि यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडून टाकलं. टाळ्या पडल्या असणार. मला आवडतो तो यिर्मया: तो आधी "आमेन, तसं होवो" म्हणतो. त्यालाही ते हवंच होतं. पण खरं नव्हतं.

मग त्याने पत्रात काय लिहिलं? घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याचं भलं मागा. वाचणाऱ्यांतले कितीतरी परत जाणारच नव्हते. आणि त्या ओळीतलं ‘तुमच्याविषयी’ अख्ख्या लोकांना उद्देशून आहे. आपल्या मराठीत ‘तुम्ही’ एकट्याला आदराने म्हणतात आणि चौघांनाही म्हणतात, म्हणून फसायला होतं. तू ते एकट्याने वाचलंस आणि त्यातून चौथ्या अटेम्प्टचा निकाल काढलास.

चौथा द्यायचा की नाही ते मी सांगणार नाही. मला पीएससीतलं काही कळत नाही, आणि तुझ्या वतीने देवाच्या मनातलं सांगणारे आधीच बरेच आहेत.

बाबांना मात्र सांग. त्यांचं शिलाईचं मशीन तुझ्या फीसाठी रात्री अकरापर्यंत चालतं हे मला ठाऊक आहे, म्हणून तर तुझी जीभ उचलत नाही. रागावतील. दोन दिवस बोलणारही नाहीत कदाचित. पण तुझं ओझं काय आहे हेच ठाऊक नसेल तर ते उचलू कसे लागतील?

गुरुवारी संध्याकाळी इकडे ये. पोहे टाकते, जलेबी येताना तू आण. फोन माझ्या खोलीतून लाव, दार लावून घे. मी बाहेर ओट्यावर भाजी निवडत बसेन, तुझं होईपर्यंत आत येणार नाही.

तुझी,
मावशी